पांढरी बेटं : आमच्या बेणे मळ्याच्या नोंदी

शिरोळ तालुक्यात, पंचगंगेपासून दीडेक किलोमीटरवर आम्हा सहा जणांचं मिळून साडेअकरा एकर उसाचं रान आहे. थोडं मळीत (नदीकाठच्या गाळाच्या रानात), थोडं माळाला. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडं आलं, कारण बाकीच्यांना लिहायचा कंटाळा आणि मला बैठकीत बोलायचा. उसाला लागलेला एक रोग आणि त्यातून सुटायला केलेला बेणे मळा, म्हणजे लावायचा निरोगी ऊस (बेणं) वाढवायचं रान, यांच्या या नोंदी. आधी वहीत होत्या, आता इथं उतरवून ठेवतोय. आकडे आमच्याच रानातले, आमच्याच मोजणीचे. संशोधन म्हणून वाचू नयेत.

१२ फेब्रुवारी २०२३

विहिरीकडचा खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक), २० गुंठे, जात ८६०३२. तोड ४ जानेवारीला झाली. आज पाणी पाजताना चौथ्या सरीत उभा होतो, तर हिरव्या ओळीत मधेच एखादं बेट (एका बुडातून फुटलेला उसाचा झुबका) पांढरट. चुन्याचं पाणी सांडल्यासारखं. पुढं तीन पावलांवर चांगलं हिरवं बेट, मग पुन्हा एक पांढरं. सगळ्या सऱ्या फिरून मोजली : ४३. विहिरीच्या कडेला सलग पिवळा पट्टा आहे तो वेगळा. तो दरवर्षीचा, तिथं चुनखड आहे.

आबा (माझे चुलते) बांधावरूनच म्हणाले, "केवडा पडलाय. हिराकस मार."

केवडा म्हणजे लोहाच्या कमतरतेनं पानं पिवळी पडणं. हिराकस (फेरस सल्फेट) अर्धा टक्का, १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम, सोबत थोडा युरिया. सगळ्या २० गुंठ्यांवर फवारला.

२६ फेब्रुवारी

दोन आठवडे झाले. विहिरीकडचा पिवळा पट्टा हिरवा होत आलाय. पांढरी बेटं होती तशीच, उलट तीन वाढली. म्हणजे लोहाची कमतरता नाही. केवड्यात शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो, पानावर पट्टे दिसतात. शिवाय तो एका पट्ट्यातल्या सगळ्या उसाला होतो, एक बेट सोडून दुसऱ्याला असा निवडून होत नाही. इथं पान शिरेसकट फिकं.

पहारीनं एक बेट मुळासकट उपटलं आणि जोत्यावर बसून मोजलं. ७४ फुटवे. शेजारच्या चांगल्या बेटाला ११. या चौऱ्याहत्तरात करंगळीएवढासुद्धा एक नाही, सगळे उदबत्तीच्या काडीसारखे. पान अरुंद, मऊ, पतंगाच्या कागदासारखं. मागं बोट धरलं तर सावली दिसते. आमची पोरगी म्हणाली, "पप्पा, हे लॉन आहे." तिनं चुकून बरोबर नाव घेतलं. या रोगाचं नावच गवताळ वाढ.

५ मार्च

हे आलं कुठून, याचा आज छडा लावायचा प्रयत्न. खोडव्याच्या आधीची लागण (बेणं लावून घेतलेलं पहिलं पीक) ऑक्टोबर २०२१ ची. बेणं एका व्यापाऱ्याकडून, टेम्पो भरून आलेलं. "लई फुटवा धरतंय" अशी त्याची जाहिरात होती आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

त्या लागणीत पांढरी बेटं होती का? आबांना आठवतं, पाच-सहा होती, "म्हणलं खत कमी पडलं आसंल." लागणीत पाच-सहा आणि खोडव्यात छेचाळीस. पुस्तकातही हेच आहे : रोग खोडव्यात उफाळून दिसतो. लागणीत नुसता फिकटलेला किंवा वरून निरोगी दिसणारा ऊस तोडला, की बुडख्यात राहिलेलं दुखणं नव्या कोंबांबरोबर वर येतं.

वाईट भाग पुढं आहे. २०२२ च्या जूनमध्ये त्याच लागणीतलं बेणं आम्ही चौघांना दिलं. पैसे न घेता. एकानं बदल्यात शेणखताची ट्रॉली टाकली, एकाच्या घरनं हरभऱ्याची घाटी आली. आमच्याकडं बेण्याला पावती नसते, नातं असतं. व्यापाऱ्याच्या टेम्पोनं एका रानात आणलेलं दुखणं आम्ही हौसेनं पाच रानांत नेलं. कागदावर बाण काढून ठेवलेत. सगळे बाण आमच्या विहिरीपासून सुटतात.

१९ मार्च

रविवार, वाचनात गेला. जमेल तेवढं इथं लिहितो, कारण पुढच्या बैठकीत मला विचारणार आहेत.

ह्या रोगाची पहिली नोंद महाराष्ट्रातलीच आहे. १९४९ साल, बेलापूर रोड, म्हणजे आजच्या श्रीरामपूरचा परिसर. तेव्हा सगळे याला विषाणू समजत. १९६७ मध्ये जपानमध्ये दोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुज्या पडलेल्या तुतीच्या झाडात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वेगळंच काही पाहिलं : भिंत नसलेले जिवाणू, झाडाचं अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांत भरलेले. पेशीला भिंतच नाही म्हणून पेनिसिलिनचा उपयोग शून्य. टेट्रासायक्लिननं लक्षणं दबतात, पण औषध थांबलं की परत. पुढं १९९४ मध्ये त्यांना फायटोप्लाझ्मा हे नाव मिळालं. बशीत वाढवून दाखवता येत नाहीत म्हणून नावाआधी आजही 'कँडिडेटस' म्हणजे उमेदवार लावावं लागतं. उसाच्या या उमेदवाराला स्वतंत्र जातीचं नाव मिळालं तेही अगदी अलीकडं, २०२१ च्या सुमारास, पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेतल्या मंडळींच्या कामातून : कँडिडेटस फायटोप्लाझ्मा सॅकरी.

इंग्रजीत अशा सगळ्या प्रकारांना एकच नाव आहे, चेटकिणीचा झाडू. फांदीवर एका जागी काड्यांचा जुडगा फुटतो म्हणून. पण नाव दिसण्यावरून पडलंय, कारणावरून नाही. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात १९८९ मध्ये कोकोच्या बागांत हाच 'झाडू' शिरला आणि दहा वर्षांत तिथलं कोकोचं पीक झोपलं. तो मात्र बुरशीचा. ओमानमध्ये कागदी लिंबाच्या बागा ज्यानं संपवल्या तो फायटोप्लाझ्माचा. कर्नाटकातल्या चंदनाचा स्पाइक रोगही फायटोप्लाझ्माचाच. आपल्या तुरीचा वांझ रोग मात्र विषाणूचा, कोळी पसरवतो.

मराठीत आणखी घोळ आहे. 'पर्णगुच्छ' हा शब्द वांग्यालाही वापरतात आणि केळीलाही. वांग्याचा फायटोप्लाझ्मानं होतो, तुडतुड्यांवाटे. केळीचा विषाणूनं, माव्यावाटे. गेल्या बुधवारी एका कृषी सेवा केंद्रात 'उसाला गुच्छासारखं झालंय' एवढं म्हणालो, तर काउंटरवरच्या मुलानं माझं वाक्य पुरं व्हायच्या आत अँटिबायोटिकची पुडी आणि टॉनिकची बाटली पुढं केली. अर्धा एकर उसाला अँटिबायोटिक पाजत कायमचं बसायचं का, ह्याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं. बिल तयार होतं.

९ एप्रिल

देवळात बैठक. सहापैकी पाच आले, शिवाय शेजारचे तात्या. तात्या आमच्या गटात नाहीत, पण त्यांचा बांध आमच्या माळाच्या रानाला लागून आहे आणि आमच्या २०२२ च्या बेण्यातला एक बाण त्यांच्याकडं गेलाय.

ठरवायचं होतं एवढंच : पांढरी बेटं सगळ्यांनी एकाच आठवड्यात उपटायची, बांधावर न टाकता पुरायची किंवा जाळायची, आणि या रानातलं बेणं कुणाला द्यायचं नाही. पहिल्या दोन गोष्टींना माना हलल्या. तिसरीला शांतता.

तात्या म्हणाले, "एका एकरात चाळीस बेटं गेली तर गेली. उपटल्यावर तिथं काय, माझं डोस्कं लावू? ऱ्हाऊ दे की, हिरवा चारा तर मिळतोय."

चाऱ्याचं खरं आहे. म्हशी आवडीनं खातात. आणि चाळीस बेटांनी टनेज फार कमी होत नाही, हेही खरं. त्यांचा हिशोब या वर्षापुरता बरोबर आहे, म्हणून तर खोडून काढता येत नाही. मी तुडतुड्यांचं सांगितलं : रोगट बेटाचा रस शोषलेला तुडतुडा पुढं चांगल्या उसावर बसतो. जुन्या पुस्तिकांत मावा लिहिलंय, नंतरच्या भारतीय कामात तुडतुडा सापडला. तात्या म्हणाले, "आधी मावा, आता तुडतुडा. पुढल्या साली इचारतो." हशा झाला. बैठक तिथं संपली.

२ मे

पाच रानांत मिळून १८७ बेटं उपटली. शिव्या वेगळ्या. खोडव्याचं बेट पहारीशिवाय येत नाही आणि बुडख्याचा एक तुकडा राहिला तरी तिथून परत पांढरा कोंब. आमच्या २० गुंठ्यांतला खोडवा यंदा तुटला की मोडायचा, निडवा (दुसरा खोडवा) ठेवायचा नाही. आबांनी हे ऐकून घेतलं, हो म्हणाले नाहीत.

घरी अंगणात सदाफुलीचं एक झाड आहे, त्याची फुलं यंदा हिरवी. कुणी त्याकडं पाहिलंच नव्हतं. पाकळीच्या जागी बारीक पान, आणि फुलाच्या पोटातून फांदी बाहेर पडलेली. हाही फायटोप्लाझ्माच, पण सदाफुलीत बहुधा वेगळ्या गटाचा. उसाचा इथून आला असं समजायचं कारण नाही. इंग्लंडमधल्या जॉन इनेस सेंटरला ॲस्टर यलोज नावाच्या फायटोप्लाझ्मावर झालेलं काम वाचलं होतं : तो जीव सॅप-११, सॅप-५४ अशी प्रथिनं झाडात सोडतो. एकामुळं फांद्यांना ऊत येतो, दुसऱ्यामुळं फुलाचं पान होतं. झाड आपली संतती सोडून पाहुण्याची सोय बघत बसतं. पाहुण्याला पाहिजे कोवळा पाला, कारण त्यावर तुडतुडे येतात आणि तेच त्याचं वाहन.

दरवर्षी नाताळात लाल पानांची पॉइन्सेटियाची कुंडी विकतात, तिचा दाट, बुटका, भरगच्च आकारही फायटोप्लाझ्माचीच देणगी आहे; १९९७ मध्ये हे सिद्ध झालं. नर्सरीवाले तो रोग जपून पुढं नेतात. आमच्या व्यापाऱ्याचं "लई फुटवा" आठवलं.

सदाफुली उपटली. आई दोन दिवस बोलली नाही.

२१ मे

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत चार नमुने दिले होते, पानाच्या मधल्या शिरेचे, बर्फाच्या डब्यात. आज फोन आला. पांढऱ्या बेटाचा नमुना : आहे. त्याच सरीतल्या, दिसायला एकदम हिरव्या दोन बेटांपैकी एकात : आहे. दुसऱ्यात नाही. माळावरच्या उसात नाही.

ह्या एका हिरव्या बेटानं सगळा बेत बदलला. आम्ही धरून चाललो होतो की पांढरी बेटं काढली की उरलेलं बेणं चालेल. डोळ्यानं निवडून बेणं शुद्ध होत नाही. नवं बेणं आणायचं, आणि आणलेलंही गरम पाण्यातून काढायचं, म्हणजे आत लपलेला रोग मरतो.

११ जून

पाडेगावहून पायाभूत बेणं बुक केलं, ८६०३२. नीरेच्या कालव्याकाठचं हे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचं. तिथल्या एका साहेबांनी चांगला तासभर दिला. त्यांचं म्हणणं : मूलभूत, पायाभूत, प्रमाणित ही तीन पायऱ्यांची साखळी पाळा, दर तीन-चार वर्षांनी बेणं बदला, आणि लागण झाल्यावर महिन्या-महिन्यानं फिरून बेटं काढा. उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया (५४ अंश, अडीच तास) मोठ्या यंत्रातच जमते. घरगुती पातळीवर गरम पाणी : ५० अंश, दोन तास.

आमच्या भागातल्या एका कारखान्याकडं बाष्प हवेचं यंत्र आहे. कुलूप लावून आहे. किल्ली कुणाकडं, हे विचारायला तीन टेबलं फिरलो आणि चौथ्याच्या आधी जेवणाची सुट्टी झाली. टाकी आपणच करायची ठरलं.

पाऊस लांबलाय. विहिरीनं तळ गाठला.

२५ जून

टाकी. मी डिप्लोमा मेकॅनिकल, बारा वर्षं इचलकरंजीत वर्कशॉपला काढली, त्यामुळं हा भाग माझा आवडता. इथं जरा जास्त लिहितो.

भंगारातून प्रोसेस हाउसची जुनी स्टीलची टाकी मिळाली, १,००० लिटर भरते. तीन किलोवॅटचे तीन हीटर, तीन फेजवर एकेक. तळाचं पाणी ओढून वर सोडणारा छोटा पंप, नाहीतर वर ५३ आणि तळाला ४६ असं होतं. डिजिटल थर्मोस्टॅट, आणि त्यावर विश्वास नको म्हणून काचेचे दोन तापमापक. बाहेरून थर्मोकोल आणि गोणपाट. टिपऱ्यांसाठी (लावायला तोडलेल्या उसाच्या तुकड्यांसाठी) जाळीचे दोन पिंजरे, उचलायला चेन ब्लॉक.

रिकामी चाचणी : २६ अंशांचं पाणी ५० ला जायला सव्वातीन तास. शेतीच्या फीडरला थ्री फेज आठ तास, या आठवड्यात रात्रीची पाळी. म्हणजे रात्री साडेदहाला बटण दाबायचं, पावणेदोनला टिपऱ्या सोडायच्या आणि पहाटे चारपर्यंत जागायचं.

पहिल्या रात्री टाकीला हात लावला तर मुंग्या आल्या. अर्थिंग सुटलेलं. ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय टाकीजवळ कुणी यायचं नाही असा खडूनं भिंतीवर बोर्ड लिहिलाय.

३ जुलै

टिपऱ्यांसह पहिली चाचणी, वाया गेला तरी चालेल अशा उसावर. पाणी ५० वर, टिपऱ्या २५० किलो. पिंजरा आत गेला आणि काटा उतरत उतरत ४६ वर. परत ५० ला यायला ४० मिनिटं. ऊस म्हणजे तीन चतुर्थांश पाणीच, ते गार पाणीही आपल्यालाच तापवायचं आहे, हा हिशोब मी मेकॅनिकल असून आधी केला नव्हता. करायला पाहिजे होता.

६ जुलै

दुसरी चाचणी. आता शहाणपण जास्त झालं. पाणी आधीच ५५ ला नेलं आणि टिपऱ्या फक्त ८० किलो टाकल्या. काटा उतरून ५३ ला थांबला आणि खालीच येईना. गार पाणी ओतून ५० वर आणेपर्यंत बराच वेळ गेला. फायटोप्लाझ्मा मरतो आणि डोळा (टिपरीवरचा, ज्यातून कोंब फुटतो) जगतो, यांच्यामधली फट दोन-तीन अंशांचीच आहे. आम्ही त्या फटीच्या पलीकडं गेलो.

दोन्ही चाचण्यांच्या आणि एका साध्या, अशा शंभर-शंभर टिपऱ्या (दोन डोळ्यांच्या) वाळूच्या वाफ्यात लावल्या.

९ जुलै

आता जमलं. १५० किलो टिपऱ्या, पाणी ५३ ला. सोडल्या सोडल्या काटा ५० वर येऊन बसतो आणि थर्मोस्टॅट तिथंच धरतो. काटा स्थिर झाल्यापासून दोन तास मोजायचे, टिपऱ्या आत गेल्यापासून नाही.

पाडेगावचं बेणं काल पिकअपनं आलं. ५ गुंठ्यांना साधारण साडेबाराशे टिपऱ्या लागतात, दोन खेपांत झाल्या. बाहेर काढून सावलीत निवू दिल्या, मग कार्बेन्डाझिमच्या पाण्यात (१०० लिटरला १०० ग्रॅम) पंधरा मिनिटं, कारण गरम पाण्यातून निघालेली टिपरी सगळ्या बुरशींना उघडी असते. लागण माळाला, साडेचार फुटी सरीत. रात्रभर जागलेले आम्ही तिघं दुपारी आबांच्या सोप्यात आडवे झालो ते संध्याकाळी उठलो.

३१ जुलै

वाफ्यातली उगवण, प्रत्येकी २०० डोळ्यांपैकी :

साध्या टिपऱ्या १५४. पहिली चाचणी (पाणी गार पडलेली) १४१. दुसरी चाचणी (जास्त तापलेली) २६.

माळावरच्या ५ गुंठ्यांत उगवण अंदाजे निम्मी. सगळीकडं फटी. गरम पाण्यानं उगवण घटते हे वाचलं होतं, पण बांधावरून जाणारा माणूस वाचून येत नाही. "शिजवून लावलाय न्हवं?" हे मी या महिन्यात किमान दहा वेळा ऐकलं. पावसाळी दिवस बघून ट्रेमधल्या रोपांनी नांगे भरले.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२३

मोठं काही नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी बेणे मळ्यातून सगळ्या सऱ्या फिरून यायचं. चार फेऱ्या, पांढरं बेट शून्य. फुटवे उशिरा आले पण जाड आले. नोव्हेंबरात बांधणी.

२१ जानेवारी २०२४

विहिरीकडचा खोडवा तुटला. टोळी दोन दिवस होती. मुकादम बीडकडचा. पांढऱ्या बेटांविषयी त्याला विचारलं, तर म्हणाला, आमच्या कोयत्याला ते लागतच नाही, पोकळ गवत, मोळीत बसत नाही. प्रत्येक गावात दोन-चार रानं अशी असतातच. इतक्या रानांतून जाणारा माणूस. त्याला विचारायला मला एक वर्ष लागलं.

त्याची शंका : कोयत्यानं पसरतं का? हे नाही पसरत. कोयत्यानं जातो तो दुसरा, खोडवा खुजा करणारा जिवाणू. पण त्यालाही हीच दोन तासांची अंघोळ चालते.

खोडवा मोडला. आबा नांगर चालू असताना बांधावर उभे होते, काही बोलले नाहीत. तिथं हरभरा टाकायला उशीर झालाय, उन्हाळी भुईमूग बघू.

१६ जून २०२४

बेणे मळा सव्वाअकरा महिन्यांचा. तोडला. पाच गुंठ्यांतून गटाला ३० गुंठ्यांची लागण पुरेल एवढं, वर थोडं उरलं. एकेक ऊस हातातून काढला : डोळे खपल्यांसारखे सुकलेले आहेत का, कांडी आखूड पडलीत का, उभ्या उसाला बाजूनं कोंब फुटलेत का. यातलं काहीही दिसलं तर तो ऊस आणि त्याचं बेट बाजूला. असे चार निघाले. चारही म्हशीला.

उरलेल्या बेण्याचे एक डोळा काढून ट्रे भरले, १,४०० रोपं. तेव्हा वाटलं, कशाला उगीच. जागा होती म्हणून भरले.

६ जुलै

३० गुंठे मळीच्या रानात लावले. रान उत्तम, पाणी उत्तम. आबा म्हणाले, "नदीला इचारलं का?" सगळे हसले.

३१ जुलै

पंचगंगेला पूर. २४ तारखेपासून पाणी पात्राबाहेर, आमच्या मळीत सहा दिवस उभं. तीन आठवड्यांचे कोंब, त्यांच्यावर कमरेएवढं गढूळ पाणी. आज ओसरलं. सरीत हात घातला तर टिपरी मऊ लागते आणि आंबल्यासारखा वास येतो. जगतील ते पाच टक्के.

२०१९ आणि २०२१ दोन्ही पूर बघितलेल्या माणसानं जुलैत मळीत बेणे मळा लावायला नको होता. इतके दिवस तापमापकाच्या अर्ध्या अंशावर जागलो आणि नदीची लाल रेघ कुठं येते हे बघितलं नाही. ही नोंद गटातल्या दोघांनी वगळायला सांगितली होती. ठेवतोय.

आबांच्या पडवीतले ट्रे शाबूत.

१८ ऑगस्ट

१,४०० पैकी जगलेली १,२६० रोपं माळाला लावली, साडेचार बाय दोनवर, साधारण १० गुंठ्यांत. तीस गुंठ्यांच्या जागी दहा. शेजारी जुन्या बेणे मळ्याचा खोडवा. तो मुद्दाम राखलाय, कारण रोग असला तर खोडवा सांगतो. दोन महिन्यांचा झालाय. फिरलो, शून्य.

१० नोव्हेंबर

तात्यांच्या रानात खोडवा फुटला. रस्त्यावरून दिसतं. मोजायला गेलो नाही. मोजायची गरज नव्हती, सऱ्यांमध्ये दर चार-पाच पावलांना पांढरं.

५ जानेवारी २०२५

माळावरच्या खोडव्यात दोन बेटं सापडली. पांढरी नाहीत. ऊस उभा, सहा-सात कांड्यांचा, आणि वरच्या कांड्यांवरून बाजूला फिके कोंब सुटलेले, मिशीसारखे. बेण्यातून आलेलं असतं तर बुडातून गवत झालं असतं. हे उभ्या उसाला नंतर लागलेलं, तुडतुड्यांवाटे. दोन्ही बेटं तात्यांच्या बांधापासून तिसऱ्या सरीत.

दोन्ही खणून काढली. नमुने घेतले, सोमवारी पाठवायचे. खड्डा गुडघाभर केला.

खणत होतो तेव्हा तात्या पलीकडून आले आणि बांधावर उकिडवे बसले. बराच वेळ गप्प. मग त्यांनी ते मिशीवालं कांडं हातात घेऊन फिरवलं.

"तुमच्यात बी?"

"दोन."

"माझ्यात निम्मं हाय." कोंब मोडून नखानं सोलत म्हणाले, "ती तुमची टाकी किती युनिट खाती?"

एका खेपेला पन्नासेक धरा, म्हणालो. पाडेगावचं बुकिंग कधी सुरू होतं तेही सांगितलं. त्यांनी फोनमध्ये लिहून घेतलं नाही, पण बोटांवर महिने मोजले.

१२ जानेवारी

टाकी काढून बघितली. एक हीटर गेलाय, थर्मोस्टॅट दीड अंश वर दाखवतोय. पिंजऱ्याची जाळी गंजली. चेन ब्लॉक बरा आहे. हीटर इचलकरंजीहून आणायचा. तात्यांकडं सिंगल फेजच आहे, त्यामुळं टाकी इथंच राहील, बेणं त्यांनी आणायचं. रात्रीच्या जागरणाला त्यांचा थोरला येणार. ईएलसीबी आधी तपासायचा.